सुपरचार्जर बसवलेल्या जुळ्या इंजिनांपैकी एक फुल थ्रॉटलला दम सोडतं, तेव्हा

बोटीत जोडीने बसणारी मर्क्रूझर कंपनीची ४५४ किंवा ५०२ घनइंची बिग ब्लॉक (मोठ्या आकाराची) इंजिनं, म्हणजे ७.४ आणि ८.२ लिटरची. मागे ब्राव्हो वन ड्राइव्ह, म्हणजे इंजिनाचा जोर प्रॉपेलरपर्यंत नेणारा भाग, आणि नंतर वरून बसवलेले सुपरचार्जर, म्हणजे बेल्टवर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारे पंप. मिझुरीतल्या लेक ऑफ द ओझार्क्सवर, ॲरिझोनाच्या लेक हवासूवर, फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर अशा बोटी पुष्कळ आहेत. त्यांची ठरलेली तक्रार म्हणजे, बसवलं तेव्हा झकास होतं, आता एक इंजिन वरच्या टोकाला मागे पडतं. हा लेख तेवढ्या एका तक्रारीचा आहे. पाच ते सात पीएसआय बूस्टची (बूस्ट म्हणजे सुपरचार्जरने वातावरणापेक्षा वाढवलेला हवेचा दाब), साध्या पंपावरच्या पेट्रोलवर चालणारी इंजिनं डोळ्यांसमोर ठेवली आहेत.

मोटारीचा अनुभव इथे अर्धाच कामाला येतो. रस्त्यावर पूर्ण बूस्ट चार-पाच सेकंद लागतो, मग वळण येतं, सिग्नल येतो. बोट म्हणजे कायम घाट चढणारा ट्रक. थ्रॉटल पुढे आहे तोवर भार हटत नाही. त्यामुळे मोटारीत वर्षानुवर्षं लपून राहील असा कमकुवतपणा बोटीत तिसाव्या सेकंदाला उघडा पडतो, आणि त्याच सेकंदाला पिस्टनही वितळू शकतो.

लक्षणं

धक्क्याला इंजिन छान चालतं. ३,५०० आरपीएमपर्यंत दोन्ही बरोबरीने जातात. फुल थ्रॉटल दिला की बोट उचलते, वेग चढतो, आणि पंधरा ते चाळीस सेकंदांत एका इंजिनाचे आरपीएम दुसऱ्यापेक्षा २०० ते ४०० ने खाली येतात. स्टिअरिंग एका बाजूला ओढू लागतं. थ्रॉटल मागे घेऊन दोन-चार मिनिटं सावकाश चालवलं की पुन्हा सगळं ठीक, आणि पुढच्या धावेला तोच प्रकार. हे "पुन्हा ठीक होणं" नीट लक्षात ठेवा. तापलेलं काहीतरी थंड होतंय किंवा रिकामं झालेलं काहीतरी पुन्हा भरतंय, असा त्याचा अर्थ असतो.

सोबत यांतलं काही असू शकतं: पुलीभोवती काळी भुकटी, सुरुवातीला बेल्टची किंचाळी, वरच्या आरपीएमला मिसिंग, इनटेकमधून फटफट, एकाच बाजूच्या एक्झॉस्टवर जास्त काजळी.

आपल्याला वाटतं नॉकिंग (मिश्रण सिलिंडरमध्ये आपोआप भडकून होणारी टकटक) झालं तर ऐकू येईल. येत नाही. ट्रान्सममधून (बोटीच्या मागच्या सपाट भिंतीतून) थेट बाहेर निघणाऱ्या एक्झॉस्टच्या आवाजात बिग ब्लॉकची टकटक पूर्ण बुडून जाते. म्हणून कानावर विसंबू नका. गेज आणि प्लग पाहा.

आणि एक बिनशर्त नियम: इंजिनाचा जोर घटला की थ्रॉटल तिथेच धरून "सुटेल आपोआप" म्हणून वाट पाहायची नाही. सावकाश पण लगेच मागे घ्यायचा.

बूस्टची सुई काय सांगते

कुठलाही पाना हातात घेण्याआधी एवढं ठरवा: जोर घटतो त्या क्षणी बूस्टही पडतो, की बूस्ट जागेवर राहतो आणि फक्त आरपीएम पडतात?

बूस्ट पडत असेल तर दोष हवेच्या बाजूला आहे: बेल्ट, बायपास व्हॉल्व्ह, गळका होज, तुंबलेला फ्लेम अरेस्टर (इनटेकच्या तोंडावरचा ज्वाला अडवणारा भाग). इंजिन कमी जोर देईल, पण बहुतेक वेळा जिवंत राहील. बूस्ट टिकून आरपीएम पडत असतील तर हवा पूर्ण येतेय आणि पेट्रोल किंवा स्पार्क कमी पडतोय, किंवा येणारी हवा फार तापलेली आहे. हा प्रकार महागात जाणारा. पूर्ण हवेत अपुरं पेट्रोल म्हणजे लीन मिश्रण, त्यातून डिटोनेशन, म्हणजे तेच नॉकिंग, आणि मग पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी तुटणं किंवा हेड गॅस्केट जाणं. या प्रकारात दोष सापडेपर्यंत पुन्हा फुल थ्रॉटल देऊ नका. खालची इंजिनखोलीतल्या हवेची आणि इंटरकूलरची (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाची) तपासणी उरकून थेट पेट्रोलकडे जा.

चालवणाऱ्याने गेजकडे पाहत बसू नये. दुसऱ्या माणसाने मोबाइल डॅशकडे धरून व्हिडिओ घ्यावा, दोन्ही इंजिनांची आरपीएम आणि बूस्टची गेजं एका चौकटीत. किल स्विचची (ओढली गेली की इंजिन बंद करणारी) दोरी चालवणाऱ्याला बांधलेली, पाणी मोकळं, हॅच (इंजिनखोलीचं झाकण) बंद. वेगात हॅच उघडून आत डोकावणारे लोक असतात. त्यांच्या बोटीवर बसू नये.

सुपरचार्जर कोणत्या जातीचा आहे हेही इथे महत्त्वाचं. रूट्स आणि ट्विन-स्क्रू हे दर फेऱ्याला ठरावीक हवा ढकलतात, म्हणून त्यांचा बूस्ट ३,००० ला आणि ५,००० ला जवळपास सारखाच. सेंट्रिफ्युगल या तिसऱ्या जातीचा बूस्ट आरपीएमच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात चढतो. ५,००० ला ६ पीएसआय देणारा सेंट्रिफ्युगल ४,००० ला सुमारे ३.८ आणि ३,००० ला जेमतेम २.२ देईल. मधल्या आरपीएमला "बूस्टच नाही" ही तक्रार सेंट्रिफ्युगलवाल्यांकडून सर्रास येते आणि तो दोष नसतो.

आणखी दोन गोष्टी दोषात मोजू नयेत. पहिली उंची. समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ पीएसआय असतो. ६,२२५ फुटांवरच्या लेक टाहोवर तो सुमारे ११.७ उरतो. सुपरचार्जर दाब ठरावीक पटीने वाढवतो, त्यामुळे खाली ६ पीएसआय देणारं यंत्र टाहोवर साधारण ४.८ देईल. पुली बदलायला धावू नका. दुसरी गोष्ट प्रॉपेलर. जास्त पिचचा (एका फेऱ्यात जास्त अंतर कापणारा) प्रॉपेलर लावून इंजिन ५,००० ऐवजी ४,६०० लाच अडकत असेल तर सेंट्रिफ्युगलचा बूस्टही ६ वरून ५ च्या आसपास येईल. पिचचा एक इंच साधारण १५० ते २०० आरपीएम हलवतो. मात्र जुळ्या बोटीत हे दोन्ही परिणाम दोन्ही इंजिनांवर सारखे दिसायला हवेत. एकच मागे पडत असेल तर उंचीला बोल लावू नका. एका बाजूचा प्रॉपेलर वाकलाय का, दुरुस्तीत त्याचा पिच बदललाय का, एवढं मात्र पाहा.

फुकटातल्या तपासण्या

दोन इंजिनं असण्याचा मोठा फायदा म्हणजे मोजमापाला एक चांगला नमुना शेजारीच उभा आहे. म्हणून आधी गेजच तपासा: दोन्ही बूस्ट गेजांच्या नळ्या आपसात बदला. दोष त्याच गेजवर दिसत राहिला तर इंजिन निर्दोष आहे. बूस्ट गेजची बारीक नळी एक्झॉस्टजवळ वितळून चिकटलेली किंवा आत तेल-पेट्रोलाचा थेंब अडकलेला, हे नेहमीचं. टॅकोमीटरचंही (आरपीएमच्या गेजचंही) तसंच. मागचा सिलिंडर-संख्येचा स्विच गंजून चुकीचा आकडा दाखवतो आणि माणूस इंजिन खोलत बसतो.

मग फ्लेम अरेस्टर. ब्रीदरमधून येणारी तेलाची वाफ त्याच्या पापुद्र्यांत बसते, त्यावर बेल्टची भुकटी चिकटते. काढा, सॉल्व्हंटने धुवा, वाळवा, बसवा. अरेस्टर काढून "एक फेरी मारून बघू" हा प्रयोग करायचा नाही. बॅकफायरची ज्वाला बिल्जमधल्या (बोटीच्या तळाशी साचलेल्या) पेट्रोलच्या वाफेपर्यंत पोहोचू नये यासाठीच तो भाग आहे, आणि अमेरिकेत पेट्रोलच्या इनबोर्ड इंजिनाला तो कायद्यानेही लागतो.

इंजिनखोलीतली हवा हा दुर्लक्षित विषय. ६०० अश्वशक्तीच्या आसपासचं एक ५०२ मिनिटाला सुमारे २५ घनमीटर हवा ओढतं, दोन मिळून ५०. बोटीच्या मूळ जाळ्या सुपरचार्जर नसलेल्या ४१५ अश्वशक्तीच्या हिशेबाने कापलेल्या असतात. लांब वायरीचा साधा डिजिटल थर्मामीटर अरेस्टरजवळ बांधा आणि एक धाव घ्या. बाहेरच्यापेक्षा दहा अंशांनी जास्त असेल तर चालेल. वीस-पंचवीस अंश जास्त असेल तर हवेचा मार्ग अपुरा आहे किंवा एखादा एक्झॉस्टचा जोड गरम हवा ओकतोय. दर दहा अंशांना सुमारे तीन टक्के हवा हातची जाते, आणि डिटोनेशनची शक्यता त्याहून वेगाने वाढते. एकाच इंजिनाच्या बाजूची जाळी गाद्यांनी, लाइफ जॅकेटांनी किंवा नंतर बसवलेल्या स्पीकरने झाकलेली सापडणं अजिबात दुर्मीळ नाही.

बेल्ट

बूस्ट पडणाऱ्या बोटींत सगळ्यात जास्त वेळा दोष इथेच निघतो, आणि सगळ्यात चुकीचा उपचारही इथेच होतो: नवा बेल्ट टाकायचा, दोन आठवडे ठीक, मग पुन्हा तेच. बेल्ट का घसरतो ते न शोधता बदललेला बेल्ट म्हणजे फुकट गेलेले पैसे.

बॅटरीचा मुख्य स्विच बंद करून बेल्ट काढा. खाचांच्या कडा काचेसारख्या चमकत असतील तर तो घसरलेला आहे. भुकटी एकाच बाजूला पडत असेल तर पुल्या एका रेषेत नाहीत. क्रँकच्या पुलीपासून सुपरचार्जरच्या पुलीपर्यंत सरळ पट्टी लावून पाहा. दीड मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर बेल्ट टिकणार नाही. ब्रॅकेटचे बोल्ट कंपनाने ढिले होतात आणि पूर्ण भाराला ब्रॅकेट वाकतं, म्हणून धक्क्याला सरळ दिसणारी रेषा पाण्यात सरळ राहतेच असं नाही. ब्रॅकेटखाली घासल्याच्या चकचकीत खुणा असतील तर ते हलतंय.

पुढे टेन्शनर. नवा बेल्ट बसवताच टेन्शनरच्या हाताच्या जागेवर रंगाची खूण करून ठेवावी. खूण सरकली की बेल्ट ताणला किंवा स्प्रिंग थकली. आयडलर पुली हाताने फिरवा. खरखर लागली तर बेअरिंग गेलं. सुपरचार्जरच्या नाकाजवळच्या सीलमधून तेल झिरपतंय का ते हाताचं बोट फिरवून पाहा, कारण तेल लागलेला बेल्ट कितीही ताणला तरी धरत नाही. बाहेरचं पाणी ओढणाऱ्या सी-पंपाच्या गळक्या सीलमधून उडणारं पाणीही तेच करतं.

क्रँकच्या टोकाकडेही नजर टाका. बिग ब्लॉक शेव्हरोलेच्या क्रँकवर कंपन शोषणारा बॅलन्सर एका छोट्या किल्लीवर (खाचेत बसणाऱ्या धातूच्या तुकड्यावर) बसतो. सुपरचार्जरचा भार आल्यावर ती किल्ली झिजते किंवा कापली जाते, आणि पुली डुगडुगू लागते. इंजिन आयडलवर असताना पुढून पाहा, हात लांब ठेवून. पुली डुलताना दिसली तर इंजिन बंद करा. पुढचं काम वर्कशॉपचं.

धावेनंतर लगेच, इंजिन बंद करून, बिल्ज ब्लोअर चालवून, इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही इंजिनांच्या पुल्या मोजा. घसरणाऱ्या बेल्टची पुली जोडीदारापेक्षा स्पष्ट गरम लागते. हे यंत्र स्वस्त आहे, आणि इंटरकूलर तपासायलाही तेच लागणार आहे.

तीन गोष्टी टाळा. बेल्टवर चिकट फवारा मारू नका, त्यावर भुकटी बसून खाचा भरतात. प्रमाणाबाहेर ताणू नका, त्याने सुपरचार्जरचं पुढचं बेअरिंग आणि क्रँकचं टोक खातं. आणि गेलेला बूस्ट परत आणायला लहान पुली लावू नका. लहान पुलीवर बेल्टची पकड आणखी कमी होते, हवा जास्त तापते, आणि मूळ दोष पेट्रोलचा असेल तर इंजिनच जातं.

बायपास व्हॉल्व्ह आणि गळती

स्क्रू आणि आधुनिक रूट्स प्रकारांत व्हॅक्यूमवर चालणारा बायपास असतो. आयडलला तो उघडा राहतो, म्हणजे हवा फुकट फिरते आणि तापत नाही. थ्रॉटल दिला की मिटतो. पडदा फाटला किंवा दांडा मिठाने अडकला की तो अर्धवट उघडा राहतो आणि बूस्ट परत तोंडाकडे वळतो. हातपंपाने व्हॅक्यूम द्या. दांडा सरकायला हवा आणि अर्धा मिनिट तसाच राहायला हवा. सोडल्यावर पूर्ण मिटायला हवा. खाऱ्या पाण्यातल्या बोटीत दांड्याच्या बुशीला दर महिन्याला थोडं वंगण घातलं की हा दोष सहसा येत नाही.

सेंट्रिफ्युगलमध्ये सिलिकॉनचे जोड जास्त, म्हणून गळतीच्या जागाही जास्त. क्लॅम्प घट्ट दिसतो, पण आत होज तेलाने निसरडा झालेला असतो. जोड काढून आतून पुसा, पुन्हा बसवा. गार इंजिनावर, इनटेकचं तोंड बंद करून, रेग्युलेटरने तीन-चार पीएसआय हवा द्या आणि जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे खोटं बोलत नाहीत.

इंटरकूलर

साधा हिशेब: ३० अंशांची हवा ६ पीएसआयपर्यंत दाबली तर रूट्समधून ती साधारण ९० अंशांवर आणि चांगल्या स्क्रूमधून ७५ च्या आसपास बाहेर पडते. इंटरकूलरने ती पन्नाशीत आणायला हवी. तो अर्धवट चोंदला की बूस्टची सुई हलत नाही, किंबहुना थोडी वरच जाते, आणि इंजिन मात्र मंदावतं. संगणक नॉक पकडून टायमिंग मागे घेतो, किंवा कार्ब्युरेटरच्या इंजिनात कुणीच काही मागे घेत नाही आणि नुकसान होतं.

सी-स्ट्रेनर (बाहेरचं पाणी गाळणारी जाळी) उघडा: शेवाळ, वाळू, शिंपल्यांचे तुकडे. मग इंटरकूलरच्या पाण्याचा बाहेरचा होज बादलीत सोडून दोन्ही इंजिनांचा प्रवाह सारख्या आरपीएमला, सारखाच वेळ मोजा. एका बाजूला निम्मंच पाणी आलं तर सी-पंपाचा इम्पेलर काढून पाहा. इम्पेलरची पाती तुटलेली असतील तर तुकडे शोधल्याशिवाय थांबू नका. ते पुढे जाऊन नेमके इंटरकूलरच्या तोंडाशी अडकतात.

पाण्याचा प्रवाह बरोबर आणि तरीही हवा गरम, तर कोअर आतून क्षारांनी किंवा हवेच्या बाजूने तेलाने माखलेला आहे. तो काढून धुवावा लागतो. काढलाच आहे तर दाब देऊन गळती तपासून घ्या. फुटलेल्या कोअरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं की पुढच्या स्टार्टला कनेक्टिंग रॉड वाकतो. उभ्या इंजिनाच्या इनटेकमध्ये पाण्याचा थेंब जरी दिसला तरी स्टार्टर मारायचा नाही.

पेट्रोल

बूस्ट टिकून जोर पडतो त्यात पहिला संशय इथे. ६०० अश्वशक्तीला सुपरचार्जर असलेलं इंजिन तासाला सुमारे २२५ लिटर पेट्रोल मागतं, म्हणजे मिनिटाला पावणेचार लिटर. मूळ टाकीपासूनची नळी, झडप, फिल्टर हे सगळं याहून बऱ्याच कमी मागणीसाठी होतं. किट बसवताना पंप आणि इंजेक्टर बदलतात, टाकीकडची बाजू तशीच ठेवतात. दोष तिथे राहतो.

टाकीच्या व्हेंटपासून (टाकीत हवा येण्याच्या वाटेपासून) सुरू करा. धाव संपल्यावर, इंजिन बंद करून, टाकीचं झाकण हळू उघडा. हवा आत ओढल्याचा सूं आवाज आला तर व्हेंट तुंबलाय. बहुतेक वेळा कोळ्याचं जाळं किंवा मेण. खर्च शून्य.

मग पाणी वेगळं करणारा फिल्टर. काढून त्यातलं पेट्रोल पारदर्शक बरणीत ओता आणि दहा मिनिटं ठेवा. खाली पाण्याचा थर किंवा काळे कण दिसले तर फिल्टर बदलून भागणार नाही, टाकी साफ करावी लागेल. अमेरिकेत पंपावर बहुतेक ठिकाणी दहा टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. ओलावा जास्त झाला की इथेनॉल पाण्यासह खाली बसतं, आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन उतरलेला असतो. जुन्या होजचं आतलं अस्तर सुटून पापुद्र्यासारखं आडवं येतं, तेही बघा. बाहेरून होज ठणठणीत दिसतो.

ऑक्टेनबद्दल एक सूचना. अमेरिकन पंपावरचा आकडा हा दोन पद्धतींच्या ऑक्टेनची सरासरी असतो, तर भारतात पंपावर दिसतो तो रिसर्च ऑक्टेन. त्यामुळे तिथलं ९१ हे आपल्या हिशेबात साधारण ९५-९६ होतं. पण मिझुरीत ९३ वर ट्यून केलेली बोट हवासूला नेली तर तिथे पंपावर ९१ मिळतं, आणि मरीनाच्या पंपावर कधीकधी ८९ किंवा ८७ च. सहा पीएसआयला हा फरक पिस्टनपर्यंत पोहोचतो.

टाकीतून पेट्रोल बाहेर पडतं त्या तोंडाशी अँटी-सायफन व्हॉल्व्ह असतो, स्प्रिंगवरची एक गोळी. होज खाली फुटला तर टाकी बिल्जमध्ये रिकामी होऊ नये म्हणून. तो गंजून अर्धवट अडकतो, आणि मोठ्या मागणीला मूळचा आकार तसाही अपुरा पडतो. काढून फेकू नका. मोठ्या भोकाचा बसवा, सोबत ३/८ ऐवजी १/२ इंची मरीन दर्जाची पेट्रोल नळी.

हे सगळं अंदाजाने बदलण्यापेक्षा पंपाच्या आधी व्हॅक्यूम गेज लावा. पूर्ण भाराला ओढ पाऱ्याच्या साधारण २ इंचांपेक्षा जास्त दिसली तर अडथळा टाकीकडे आहे, पंप निर्दोष. ओढ कमी आणि तरीही दाब पडतो, तर पंप किंवा त्याची वायर. भाराखाली पंपाच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी असेल तर वायर बारीक आहे किंवा जोड गंजलाय. बोटीत दोन टाक्या आणि क्रॉसओव्हर व्हॉल्व्ह असेल तर आणखी सोपं: आजारी इंजिनाला निरोगी बाजूची टाकी जोडा आणि दोष सोबत जातो का पाहा.

इंजेक्शनच्या इंजिनात दाबाचा रेग्युलेटर बूस्टला जोडलेला असायला हवा, बूस्टच्या एका पीएसआयला एक पीएसआय. मूळ दाब ४३ असेल तर ६ बूस्टला ४९ दिसायला हवा. त्याची बारीक नळी निसटली तर दाब ४३ वरच राहतो आणि इंजिन गुपचूप लीन होतं. नळी ओढून पाहायला दोन सेकंद लागतात, पण सगळे शेवटी पाहतात. दाबाचं गेज डॅशवर हवं असेल तर सेन्सर आणि वायरवालंच लावा. पेट्रोलची नळी कॉकपिटमध्ये आणायची नाही.

रूट्सवर होली कंपनीचे कार्ब्युरेटर असतील तर पॉवर व्हॉल्व्ह (भाराला जादा पेट्रोल सोडणारा) पाहा. पाऊण थ्रॉटलला कार्ब्युरेटरखाली व्हॅक्यूम असतो आणि सुपरचार्जरखाली बूस्ट. साधा पॉवर व्हॉल्व्ह वरचा व्हॅक्यूम पाहून मिटतो आणि बूस्टमध्ये इंजिन लीन चालतं. व्हॉल्व्हला संकेत सुपरचार्जरच्या खालून मिळायला हवा. ज्यांचे पिस्टन "फुल थ्रॉटल न देताच" जातात, त्यांनी हे आधी बघावं.

स्पार्क

दाबलेल्या हवेत ठिणगी उडवणं अवघड. गॅप ०.७५ ते ०.९ मिलिमीटर, प्लग मूळपेक्षा एक-दोन पायऱ्या थंड (उष्णता लवकर सोडणारे). मिसिंग फक्त बूस्टमध्ये येत असेल तर आधी गॅप, मग कॉइल दुसऱ्या इंजिनावर बदलून पाहणं, मग कॅप-रोटर-वायरी. बदलताना मरीन दर्जाचेच भाग घ्या. मोटारीचा डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर किंवा स्टार्टर उघड्या ठिणग्या टाकतो, आणि तो बंद बिल्जमध्ये बॉम्ब आहे.

प्लग वाचायला टॉप स्पीडला एकदम इंजिन बंद करायची मोटारीतली पद्धत इथे नको. बोट नाक खाली करून बसते, मागची लाट ट्रान्समवर येते. सावकाश वेग उतरवा, बंद करा, प्लग काढून सिलिंडरच्या क्रमाने मांडा आणि भिंगाने पाहा. पांढऱ्या पोर्सिलेनवर बारीक चमकते किंवा काळे ठिपके दिसले तर ते अॅल्युमिनियम किंवा फुटलेली काजळी आहे, म्हणजे डिटोनेशन झालेलं आहे.

इथे थांबा, तज्ज्ञाला बोलवा

प्लगवर अॅल्युमिनियम दिसलं तर पुढची धाव नाही. आधी कॉम्प्रेशन घ्या, थ्रॉटल उघडा ठेवून. सिलिंडरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर लीकडाउन (सिलिंडरमध्ये हवा भरून किती गळते त्याची तपासणी) करून घ्या. वीस टक्क्यांच्या वर गळती म्हणजे इंजिन उघडायची वेळ.

तेल दुधाळ झालं, सिलिंडरमध्ये पाणी आलं, सुपरचार्जरच्या शाफ्टला हाताने ढिलाई लागली किंवा आतून धातूचा आवाज आला, क्रँकची पुली डुलली, तर स्वतः पुढे जाऊ नका. सुपरचार्जरच्या रोटरमधलं अंतर साध्या फीलर गेजने सुधारण्यासारखं नसतं.

इग्निशन टायमिंग आणि संगणकाचा नकाशा हेही ट्यूनरवर सोडा. मूळ एक बारचा मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा) वातावरणाच्या दाबाच्या वर काही पाहू शकत नाही. त्याजागी दोन बारचा सेन्सर आणि त्याला जुळणारं कॅलिब्रेशन लागतं. नुसता सेन्सर बदलला तर संगणक सगळं चुकीचं वाचतो. ओल्या एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर पाण्याने लगेच मरतो, म्हणून तो पाणी मिसळण्याच्या आधी, वरच्या बाजूला बसवावा लागतो. हे काम रोज करणाऱ्याकडेच द्या. मोटारींचा उत्तम ट्यूनर आणि सतत भाराच्या इंजिनाचा ट्यूनर वेगळे.

पेट्रोलचा वास येत असेल तर तपासणी तिथेच संपते. ब्लोअर लावणंही नको, बॅटरीचा स्विच हलवणंही नको. माणसं उतरवा, हवा खेळू द्या, मरीनाला कळवा. एरवीही प्रत्येक स्टार्टपूर्वी चार मिनिटं ब्लोअर आणि हॅच उघडून एकदा नाक आत.

मेकॅनिककडे जाताना गेजांचा व्हिडिओ, क्रमाने लावलेले प्लग, दोन्ही पुल्यांचा व्यास, प्रॉपेलरचा पिच, शेवटचं पेट्रोल कुठलं आणि किती ऑक्टेनचं, आणि वरच्यापैकी काय काय बदलून पाहिलं त्याची यादी न्या. ड्राइव्हचं तेलही काढून दाखवा. वाढलेला टॉर्क ब्राव्होच्या वरच्या गिअरवर येतो, आणि तेलातला चकचकीत चुरा इंजिनाच्या दुरुस्तीपेक्षा आधी निस्तरावा लागतो.